लसणाचा केक

फौजदारीणबाईंनी आयुष्यात कुठल्याही चौकीची पायरी चढली नव्हती. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात, वॉरंटीच्या काउंटरवर, त्यांची सगळी नोकरी झाली. गिऱ्हाईक मिक्सर टेबलावर ठेवून सांगायचं, "बाई, पाण्याचा थेंब लागलेला नाही हो याला." बाई मिक्सर नुसता तिरका करायच्या आणि टेबलावर ओघळ यायचा. कधीच न पडलेल्या इस्त्र्या, मुलांनी हातसुद्धा न लावलेले पंखे, आपोआप तुटलेल्या वायरी, असं सगळं त्यांच्यासमोर यायचं. ही माणसं काही वाईट नव्हती. फुकटात दुरुस्ती होत असेल तर कोण खरं बोलतो? पण दिवसभर असलं ऐकून बाईंची नजर अशी तयार झाली होती, की खोटं बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कुठला स्नायू हलतो हे त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या. फौजदारीण हे नाव त्यांना नवऱ्यानं दिलं, आणि आळीनं ते उचलून धरलं.

नवरा गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. चौकात त्याचं हातभर दुकान होतं, पण बरंचसं काम लोकांच्या घरी जाऊनच असायचं. सगळे त्याला शेगडीवाले म्हणत. गोड बोलणं या माणसाला कधी जमलंच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बाईंनी स्वयंपाक केला तेव्हा सासूसकट सगळे "छान, छान" करत होते, आणि हा म्हणाला होता, "बरं झालंय, पण मीठ घालताना लक्ष दुसरीकडे होतं वाटतं." त्या दिवशी बाई रडल्या. पुढं मात्र त्या 'पण'ची त्यांना इतकी सवय झाली की त्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटेना. दिवसभर काउंटरवर खोटं ऐकून घरी यायचं आणि ताटावर एक खरं बोलणारा माणूस असायचा. बाईंना तो फार आवडायचा. हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर म्हणाला असता, वाक्य चांगलं आहे, पण जरा लांबलंय.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं बाईंना ओव्हन भेट दिला. बाईंनी तो आधी उलटा करून तपासला आणि मगच आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक यादी करून फ्रिजवर चिकटवली. नोकरीपायी राहून गेलेलं, हातानं करायचं सगळं तिच्यात होतं. स्पंज केक, घरच्या आंबवणाचा पाव, लिंबाचा केक, लोण्याची बिस्किटं, क्रोशाची शाल, सुवासिक मेणबत्त्या, साबण, कापडी पुठ्ठ्याची वही, आणि शेवटी, स्वतःलाच भीती वाटेल असा, तीन थरांचा वाढदिवसाचा केक. नियम एकच होता. शेगडीवाल्यांनी 'पण' न म्हणता एखादी गोष्ट पास केली, तरच तिच्यावर बरोबरची खूण व्हायची.

"म्हणजे तुझी यादी जन्मात संपायची नाही," लेक फोनवर म्हणाली. ती लांबच्या शहरात नोकरीला होती. "बाबा कधी पास करतात का कुणाला?"

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. "कुणीही पास केलेलं मला नकोय."

आणि खरंच, सहा-सात महिने एक खूण होईना. स्पंज केकाला शेगडीवाले म्हणाले, "मऊ आहे, पण उशाला घ्यायला जास्त बरा." पाव आंबट झाला, मग कच्चा राहिला, मग फुगला आणि आत नुसतं भुयार निघालं. बिस्किटं जळकी लागली. शालीकडे बघून ते म्हणाले, "ही बाजू त्या बाजूच्या पुढं निघून गेलीय. तिला थांबायला सांग." बाई चिडायच्या, आदळआपट करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ चाळायला घ्यायच्या. इतक्या आनंदात त्या नोकरीतही कधी नव्हत्या.

मग थंडीत शेगडीवाल्यांना ताप आला. आठवडाभर पडून होते, उठले, कामाला लागले. आणि त्यानंतर पाव पास झाला.

"छान झालाय," ते म्हणाले. बाई पुढच्या शब्दाची वाट बघत उभ्या राहिल्या. पुढचा शब्द आलाच नाही. शेगडीवाले हात धुवायला गेले. बाईंनी फ्रिजजवळ जाऊन हलक्या हातानं खूण केली आणि लेकीला फोन लावला. पाठोपाठ बिस्किटं पास झाली, लिंबाचा केक पास झाला. बाई हवेत होत्या. चौथ्या 'छान'ला मात्र त्या जमिनीवर आल्या, कारण चौथी वस्तू होती सुवासिक मेणबत्ती.

मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर लावली होती. शेगडीवाले म्हणाले, "वा! घरभर वास दरवळतोय." खूण झाली. सकाळी पसारा आवरताना बाईंच्या हाताला सुगंधी तेलाची बाटली लागली. तिचं बूच फोडलेलंच नव्हतं. मेणात तेल घालायलाच त्या विसरल्या होत्या. रात्रभर टेबलावर जळत होतं ते निव्वळ मेण.

बाई खुर्चीवर बसल्या. विसरण्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की हा माणूस आपल्याशी खोटं बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि इतक्या सहज! आणि मेणबत्तीला खोटं बोलला असेल तर पावाचं काय? बिस्किटांचं काय? फ्रिजवरच्या सगळ्या खुणा त्यांना एकदम परक्या वाटायला लागल्या.

काउंटरवर बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. माणूस उगाच गोड बोलत नाही. गोड बोलून तो तुमची नजर दुसरीकडे वळवतो, आणि त्या वेळी त्याचा एक हात कशावर तरी झाकण ठेवत असतो. मग शेगडीवाले कशावर झाकण ठेवतायत?

एकदा ही पाल चुकचुकली म्हटल्यावर पुरावे काय, आपल्या पायांनी चालत आले. शेगडीवाले हल्ली उशिरा घरी येत होते. विचारलं की "काम वाढलंय" म्हणायचे, पण दुकानाशेजारचा चावीवाला म्हणाला, गिऱ्हाइकं तर आहेत तेवढीच आहेत. दुसरं म्हणजे साबण. बाईंनी यादीप्रमाणे गुलाबाच्या अर्काचे साबण केले होते आणि वाळायला खिडकीत मांडले होते. त्यातल्या तीन वड्या गायब झाल्या. घरात माणसं दोन. बाईंनी नेल्या नव्हत्या.

"साबणाच्या वड्या कमी कशा झाल्या हो?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

शेगडीवाल्यांनी पेपर वर केला. "मी नेल्या. दुकानात हात धुवायला."

"तिन्ही हात?"

"अगं, लागतात. काळे होतात हात."

त्यांच्या गालाजवळ काहीतरी बारीक हललं. पेपरामागून का होईना, बाईंना ते दिसलं.

गुलाबाचा साबण पुरुष माणूस दुकानात कशाला नेईल? कुणाला तरी देईल, हेच उघड होतं. आणि देईल कुणाला, याचाही बाईंनी छडा लावला. पलीकडच्या रस्त्यावर गाणं शिकवणाऱ्या एक मास्तरीणबाई राहायच्या. एकट्या होत्या, आवाज गोड, आणि शेगडी सारखी बिघडलेली. थंडी सुरू झाल्यापासून शेगडीवाले तिथं चारदा जाऊन आले होते. शेगडी इतकी बिघडते? काउंटरवर असं गिऱ्हाईक आलं असतं तर बाईंनी थेट साहेबांना बोलावलं असतं.

लेकीनं फोनवर कपाळावर हात मारला. "आई, बाबा? अगं त्यांना कुणी प्रेमानं बघितलं तर विचारतील, डोळ्यात काही गेलंय का. संशय घेणं पण यादीत लिही आणि एकदाची खूण करून टाक."

पण बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी बिस्किटांचा डबा भरला आणि मास्तरीणबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. आत गेल्या गेल्या म्हणाल्या, "जरा हात धुते हं." बेसिनवर दुकानात मिळणारा साधा हिरवा साबण होता. बाईंनी हात धुतले, वास घेतला, कपाटाचं दारही हळूच उघडून बघितलं. गुलाब नव्हता.

"तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस," मास्तरीणबाई बिस्किट खात म्हणाल्या. "पण हल्ली फार वेळ लावतात हो. पूर्वी शेगडीजवळ वाकून नुसतं हुंगायचे आणि सांगायचे, इथं गळतंय. आता बाटलीत साबणाचा फेस करून आणतात. ब्रशनं सगळ्या सांध्यांना लावतात, बुडबुडे येतात का बघत बसतात. पुन्हा पुसून पुन्हा लावतात. स्वयंपाकघर गुलाबासारखं घमघमतं मग."

बाईंचा डबा हातातच राहिला. म्हणजे साबण इथं येत होता, पण शेगडीला लागत होता.

"गेल्या महिन्यात मीच म्हटलं, अहो, वास येतोय," मास्तरीणबाई पुढं सांगत होत्या. "तर म्हणाले, नाही येत. मी आपली खिडकी उघडली. तेव्हापासून बघा, असं फेस-फेस चाललंय. रागावले की काय, कोण जाणे. त्या दिवशी एकदम गप्प झाले होते."

परत येताना बाईंचं डोकं भणाणलं होतं. बाई-बिई काही नव्हती, त्याची लाज वाटत होती. पण कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं हे कळत नव्हतं. नवरा घरात खोटं 'छान' म्हणतो आणि कामात वास असून नसल्याचं सांगतो. हे दोन्ही कशाला? गिऱ्हाइकाला फसवणारा तर तो नव्हता. बाईंनी ठरवलं, आता तर्क पुरे, सापळा लावायचा. खोटारड्याला तोंडावर पकडायचं आणि मग सगळं वदवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लसणाचा आख्खा गड्डा सोलला, दुधात उकळला आणि गाळून घेतला. त्या दुधात स्पंज केकाचं पीठ भिजवलं. लोणी, साखर, सगळं मापात. ओव्हन तापला आणि घरातून असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू खाली डोकावल्या. "काय हो, कशाची भाजी करताय? मस्त फोडणी बसलीय!" बाईंनी घाईनं खिडक्या उघडल्या, पंखे लावले. वास जायचं नाव घेईना. दारातच ओळखतील आणि सापळा फसेल, म्हणून त्या हळहळत बसल्या. पडदे, टॉवेल, स्वतःचे केस, सगळ्याला लसूण चिकटला होता.

शेगडीवाले आले. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. बाई दाराजवळ उभ्या राहून त्यांच्या नाकाकडे बघत होत्या. ते आत आले, लसणाच्या ढगातून चालत खुर्चीपर्यंत गेले, आणि टेबलावरचा सोनेरी केक बघून खुलले. "अरे वा, आज केक?"

बाईंनी तुकडा कापून दिला. त्यांनी खाल्ला. बाई त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हत्या. भुवई, गाल, ओठांचे कोपरे, गळ्याची शीर. लसणाचा केक गिळताना खोटं बोलणाऱ्याचं काहीतरी हलायलाच हवं होतं. काहीच हललं नाही. त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

"छान झालाय," ते म्हणाले. "व्हॅनिला मस्त उतरलाय."

असं खोटं कुणालाच बोलता येत नाही. हजारो माणसं त्यांच्यासमोर खोटं बोलून गेली होती, एकालाही जमलं नव्हतं. तेवढ्यात शालीचं त्यांच्या लक्षात आलं. सोफ्यावर पडलेल्या शालीला कालच शेगडीवाल्यांनी पुन्हा नावं ठेवली होती. डोळ्यांनी दिसेल त्याला 'पण' होताच. नाकानं, जिभेनं कळायचं त्यालाच फक्त 'छान' होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्यात व्हॅनिला नाहीये. लसूण आहे."

शेगडीवाल्यांचा चमचा बशीवर टेकला. "किती?"

"गड्डा."

त्यांनी एकदा केकाकडे बघितलं. मग बशी हळूच पुढं सरकवली.

"तापापासून," ते म्हणाले. "गोड कळतं, खारट कळतं. बाकी सगळा पुठ्ठा. वाटलं होतं, येईल परत. डॉक्टर म्हणाले येईलही, नाही येईलही."

"मग छान छान कशाला म्हणत होतात?"

"'पण' म्हणायला काहीतरी कळावं लागतं, अगं. कुठून आणू?"

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतंस."

"लावलंच असतं!" बाई ओरडल्या. "गॅसचं काम करता तुम्ही! लोकांच्या घरात! आणि त्या मास्तरीणबाई म्हणाल्या वास येतोय, तेव्हा?"

"तेव्हा लायटर हातात होता माझ्या," शेगडीवाले म्हणाले. "पेटवणारच होतो. तिनं खिडकी उघडली म्हणून थांबलो."

बाई रडायला लागल्या. रागानं, भीतीनं, आणि आपण याच्यावर कसला घाणेरडा संशय घेतला या शरमेनं. पदर तोंडाला लावला तर त्यालाही लसूण. शेगडीवाले उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले. पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं, शेवटी त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"उद्यापासून दुकान बंद," बाई म्हणाल्या.

"बरं."

त्यांनी मान वर करून बघितलं. नुसतं 'बरं'. वाद नाही, टोमणा नाही.

दुकान बंद झालं. शेगडीवाले घरी बसले. बाईंनी पाव केला, ते म्हणाले छान. बाई म्हणाल्या बाजारात चला, ते निघाले. पंखा लावू का, लाव. बंद करू का, कर. सकाळी उठून दाढी करायचे, पाने-पकडीची पिशवी उघडून एकेक वस्तू पुसायचे आणि पुन्हा पिशवी बंद करायचे. बाईंना ते बघवेना. नाक गेलं ते गेलं, पण आता आख्खा माणूसच हातातून चाललाय असं त्यांना वाटायला लागलं. काउंटरवर त्या म्हणायच्या, एक भाग गेला म्हणून यंत्र फेकायचं नसतं. गिऱ्हाइकाला सांगायला ते सोपं होतं.

एका सकाळी फोन वाजला. कुणा म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेगडीतून गॅस गळत होता. "दुकान बंद केलंय," शेगडीवाले फोनवर सांगत होते, "दुसरं कुणी बघा." बाई कणीक मळत होत्या. त्यांनी पिठाच्या हातानंच फोन ओढून घेतला.

"सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "आम्ही येतोय. दोघं."

शेगडीवाल्यांनी विचारलं, "तू काय करणार तिथं?"

"हुंगणार. आणि मी हो म्हटल्याशिवाय लायटर खिशातून निघणार नाही. कबूल असेल तर पिशवी घ्या."

म्हाताऱ्यांचं स्वयंपाकघर अरुंद होतं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. एका शेगडीला दोन माणसं कशाला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. शेगडीवाल्यांनी सिलिंडर जरासा उघडून फेस लावला, सांधे तपासले, रेग्युलेटर तपासला. बुडबुडा कुठंच नव्हता. "काही नाही," ते म्हणाले.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि ओट्याखाली डोकं घातलं. ओलं फडकं, शिळा कांदा, फरशीचा फिनेल, आणि या सगळ्यामागे तो गॅसचा वास.

"आहे," त्या म्हणाल्या. "इथं. खाली."

शेगडीवाल्यांनी पुरावा मागितला नाही. तिथं वाकून त्यांनी नळी भिंतीपासून सोडवली. मागच्या बाजूला, खिळ्याशी घासून, नखाएवढी चीर पडली होती. त्यांनी सिलिंडर बंद करून नळी बदलली, पुन्हा उघडून दोनदा फेस लावला, दोनदा पुसला. मग खिडकीत जाऊन दोघं साठलेला गॅस निघून जायची वाट बघत उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी लायटर हातात घेतला आणि बाईंकडे बघितलं.

बाईंनी वास घेतला. काही नव्हतं. पुन्हा घेतला. नव्हतं. पण नव्हतं म्हणजे खरंच नव्हतं, की नाक सरावलं होतं? फिनेलखाली लपलं असेल तर? आयुष्यभर त्यांनी जगाच्या शब्दावर संशय घेतला होता, आणि आता समोरचा माणूस लायटर घेऊन त्यांच्या एका शब्दासाठी थांबला होता.

"नाहीये," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "थांबा, पुन्हा एकदा बघू का?"

"तू म्हणालीस ना नाही," शेगडीवाले म्हणाले, आणि बर्नरवर वाकून त्यांनी लायटर दाबला.

निळी ज्योत गोल लागली. म्हातारे गृहस्थ "वा वा" म्हणाले, शेगडीवाले पिशवी आवरायला लागले. बाईंनी ओट्याची कड धरली होती, ती त्यांना बराच वेळ सोडवेना.